मदत हवी आहे: कॅनव्हासवर तळं भरताना बेटही रंगतंय

साध्या जावास्क्रिप्टमध्ये टूडी कॅनव्हासवर (वेबपानावरच्या चित्रफलकावर) तळ्यांचा नकाशा काढतोय. बेट कोरं राहायला हवं. एकाच बिगिनपाथमध्ये (म्हणजे एकाच आकृतीत) सगळ्या तळ्यांच्या आणि बेटांच्या कडा, प्रत्येकीला क्लोजपाथ (कड बंद करायला), शेवटी एकदाच फिल (रंग भरायला). तरी काही बेटं निळीच! फिलला 'इव्हनऑड' (बाहेरून येताना कडा विषम वेळा ओलांडल्या तर रंग, सम वेळा तर कोरं) दिलं की बेटं मोकळी होतात, पण दोन तळी एकमेकांवर चढतात तिथेही भोक पडतं. वरून पांढरा रंग मारता येत नाही, खाली उपग्रहचित्र आहे. तळी वेगवेगळी भरली तर अर्धपारदर्शक निळा चढलेल्या भागात गडद होतो.

म्हणजे 'नॉनझिरो'च (फिलचा मूळ नियम: ओलांडलेल्या कडा दिशेप्रमाणे अधिक-उणे मोजून बेरीज शून्य आली तरच कोरं) ठेवून बेटाचे बिंदू तळ्याच्या उलट दिशेने द्यायला हवेत. फाइलमध्ये मात्र क्रम कसाही येतो. लायब्ररी न घेता ही दिशा (घड्याळाच्या काट्यांप्रमाणे की उलट) कोडमध्ये कशी ओळखायची? आणि कॅनव्हासचा वाय अक्ष खाली जातो, त्याने दिशेच्या गणितात येणाऱ्या उत्तराचं अधिक-उणे चिन्ह उलटतं का?