मदत हवी आहे: कराडखाली कृष्णेचे ड्रोन फोटो आणि माशांच्या जागा

मंडळी, कराडच्या संगमाखाली कृष्णेचा एक पट्टा ड्रोनने टिपतोय. कोयना धरणातून पाणी कमी-जास्त सुटतं तसा खळाळ (दगडांवरून वेगाने वाहणारं उथळ पाणी) किती उरतो, डोह कुठे तुटतात, हे एकाच जागेवर वेगवेगळ्या विसर्गाला मोजायचंय. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फोटोचा पिक्सेल १० मीटरचा, त्यात आमचा अख्खा खळाळ गडप होतो. म्हणून ड्रोन.

अडलंय ते खोलीवर. फोटोत तळ वर उचललेला दिसतो. सरळ खाली घेतलेल्या फोटोत दिसणारी खोली १.३३ ने गुणली की संथ पाण्यात बांबूच्या मापाशी बऱ्यापैकी जुळते. खळाळात मात्र लाटांमुळे आकडे वाट्टेल तसे येतात. आणि नेमकं तेच पाणी महत्त्वाचं: खडस मासा वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यातला. मरळीचं काय, ती गवताळ संथ पाण्यातही खूश. खळाळात खोलीऐवजी नुसतं क्षेत्रफळ धरावं का?

दुसरं, जलपर्णी. सॉफ्टवेअर तिला खुशाल काठावरची हिरवळ समजतं आणि पात्र अरुंद दाखवतं. दरवेळी हाताने कड आखतोय, वैताग आहे नुसता. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) यावर कुणी उपाय केलाय का? कॅमेरा साधाच आहे, इन्फ्रारेड नाही.

चकाकी टाळायला सकाळी लवकर उडवतो, पण तेव्हा काठच्या झाडांची सावली पात्रात येते. पोलरायझिंग फिल्टर घेण्यात अर्थ आहे का? वापरलेल्यांनीच सांगा, जाहिराती मीही वाचल्यात.

कराडचा विमानतळ जवळ असल्याने डिजिटल स्कायचा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी) नकाशा बघूनच उडवतो, तेव्हा त्यावर चर्चा नको.