कारवानी कुत्रीचं ऑपरेशन आहे, भूल कुठली द्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमची चिमणी कारवानी जातीची शिकारी कुत्री आहे, सात वर्षांची, वजन 21 किलो. मागच्या सडाजवळ लिंबाएवढी गाठ आलीय, डॉक्टर म्हणाले शनिवारी काढून टाकू. मला ऑपरेशनची एवढी भीती नाही, भुलीची आहे.

दोन वर्षांपूर्वी काटेरी तारेने तिची मांडी फाटली तेव्हा एका दवाखान्यात टाके घालायला थायोपेंटोन नावाचं भुलीचं औषध दिलं आणि पोरगी सकाळी अकराला झोपली ती रात्री उशिरापर्यंत उठायचं नाव घेईना, अंग गार, नुसती थरथरत होती, मी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी ओठ वर करून हिरड्या बघायचे, गुलाबी आहेत की पांढऱ्या पडल्यात. नंतर कळलं की ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी जातींच्या अंगावर चरबी नसते आणि लिव्हरही हे औषध हळूहळू फोडतं, त्यामुळे ते लवकर उतरत नाही. आपली कारवानी त्याच बांध्याची, बरगड्या मोजून घ्या अशी. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं हो.

आता इथले डॉक्टर म्हणतात आधी अ‍ॅट्रोपिन-झायलाझिन, मग केटामाइन. झायलाझिनने उलटी होते, ठोके मंदावतात, म्हणून विचारलं तर "बघू" एवढंच म्हणाले. 65 किलोमीटरवर एक दवाखाना आहे, तिथे आधी ब्युटॉर्फेनॉल आणि मिडाझोलाम, मग शिरेतून प्रोपोफॉल, नळी घालून आयसोफ्लुरेन गॅस, शिवाय ऑक्सिजन आणि ठोक्यांवर लक्ष ठेवायला मशीन. खर्च जवळजवळ तिप्पट. तो मी करेन, पण ऑपरेशन झाल्यावर अर्धवट शुद्धीत गाडीतून एवढं आणणं बरं की रात्रभर तिथेच ठेवावं?

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, किडनी-लिव्हर दोन्ही. छातीचा एक्सरे अजून काढलेला नाही, गाठ पसरलीय का ते बघायला आधी काढूनच घ्यावा ना? आणि उपाशी किती ठेवायचं, एक जण म्हणतात बारा तास, दुसरे म्हणतात पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. अंगाचं तापमान नेहमीच्या 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या खाली गेलं तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली तर चालेल का, तिची कातडी फार पातळ आहे, भाजायची भीती वाटते.

कुणाच्या कारवानीला किंवा मुधोळला गॅसवर भूल दिली असेल तर किती वेळात उभी राहिली तेवढं तरी प्लीज लिहा. उद्या दुपारपर्यंत मला एका डॉक्टरांना हो म्हणायचंय.