पूर ओसरल्यावर झाडं उशिरा का मरतात?

काठावरचा:
एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. पुराच्या लोंढ्यात जी झाडं उन्मळून पडतात त्यांचं समजू शकतो, पण जी उभी राहिली, पाणी उतरल्यावरही चांगली हिरवीगार होती, ती महिना-दोन महिन्यांनी पिवळी पडून वाळायला का लागतात? आणि त्याच रांगेतलं वाळुंज किंवा करंज बघावं तर काही झालंच नाही अशा थाटात फुटवे काढून मोकळं. पाण्याचा जोर तर दोघांनी सारखाच सोसला ना. लव्हाळं वाकतं म्हणून वाचतं हे ठाऊक आहे पण तेवढ्यावर भागत नाही. शिवाय गाळ आला की जमीन सुपीक होते म्हणतात, मग काठावरच्या झाडांना पूर चांगला की वाईट?

गाळपेर:
लव्हाळ्याची म्हण लोंढ्याबद्दल आहे हो, आणि लोंढा बहुतेक वेळा थोडक्यात आटोपतो. नंतर जे पाणी साचून राहतं ना, ते खरं मारतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, त्यासाठीची हवा मातीतल्या बारीक पोकळ्यांत असते. शेतकरी वाफसा म्हणतात तो हाच, ओलही आहे आणि हवाही आहे. पाणी चढलं की त्या पोकळ्या भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन सरकतो हवेच्या मानाने साधारण १०,००० पट हळू, म्हणजे मातीत जो काही शिल्लक असेल तो मुळं आणि जिवाणू मिळून एखाद-दोन दिवसांत फस्त करतात आणि नवा येतच नाही. मग मुळं साखर आंबवून कशीबशी दिवस काढतात, पण त्यात ऊर्जा इतकी कमी मिळते की पाणी वर ओढण्याची ताकदच राहत नाही. म्हणून कमरेइतक्या पाण्यात उभ्या झाडाची पानं उन्हात लोंबताना दिसतात, बघणाऱ्याला वाटतं याला काय कमी आहे!

आता तुमचा उशिरा मरण्याचा प्रश्न. बारीक मुळं पाण्याखालीच मेलेली असतात, पण खोडात आणि जाड मुळांत साठा असतो त्यावर झाड काही आठवडे हिरवं राहतं. पाणी ओसरतं, ऊन तापतं, पानं पाणी मागायला लागतात आणि खाली मुळंच नसतात. त्यात मुळं कुजवणारी बुरशीसारखी रोगं अशाच वेळी चढतात. तिथली माती उकरून वास घेऊन बघा, सडक्या अंड्यासारखा आला आणि मुळं काळी पडून साल बोटाने निसटत असेल तर काय झालं ते कळेल.

वाळुंजासारख्या झाडांची तयारी वेगळी असते. मुळांच्या आत हवेच्या पोकळ नळ्या तयार होतात, त्यातून वरची हवा स्ट्रॉमधून यावी तशी खाली टोकापर्यंत पोचते. खोडावर पाण्याच्या रेषेजवळ नीट बघितलंत तर सालीवर पांढरट, भुसभुशीत फुगीर ठिपके दिसतील, ती हवा घ्यायची छिद्रं सुजलेली असतात, आणि तिथूनच लालसर कोवळ्या मुळांचे झुबके पाण्यात लोंबत असतात. जुनी मुळं गेली तरी यांचं काम चालू राहतं.

रानभुली:
+१, पण सीझनचा मुद्दा राहिला. झाड पानगळ होऊन झोपलेलं असताना पूर आला तर तेच झाड कितीतरी जास्त दिवस तग धरतं कारण मुळांची मागणीच कमी असते. ऐन वाढीच्या दिवसांत, त्यातून कोमट आणि थांबलेलं पाणी असेल तर तेच झाड लवकर हातचं जातं. वाहत्या थंड पाण्यात निदान थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणून पाणी किती चढलं यापेक्षा किती दिवस राहिलं आणि कधी आलं हे आधी विचारावं. ॲमेझॉनच्या काठची जंगलं बघा, वर्षातले कित्येक महिने पाण्यात, काही ठिकाणी दहा-दहा मीटर खोल, रोपं तर अख्खी बुडालेली, तरी जिवंत. तिथल्या बऱ्याच झाडांची फळं पाणी चढलेलं असतानाच पिकून खाली पडतात, मासे ती खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. मला हा प्रकार फार भारी वाटतो.

साधासरळ:
सगळं ठीक पण सरळ सांगा ना, पूर वाईटच. बांध घाला, धरण बांधा, काठ हिरवा राहील.

गाळपेर:
नाही राहत ना, तीच तर गोची आहे. उत्तर अमेरिकेतलं कॉटनवूड म्हणजे पॉप्लरच्या जातीतलं झाड घ्या. त्याचं बी जेमतेम आठवडा-दोन आठवडे जिवंत असतं आणि त्याला उघडा, ओला, सावली नसलेला गाळ लागतो, जो पूरच काठ खरवडून तयार करतो. वर पाणी इतक्या हळू उतरायला हवं की रोपाचं मूळ खाली जाणाऱ्या ओलीच्या मागे पळू शकेल, दिवसाला साधारण अडीच सेंटीमीटर, त्याहून फार जोरात उतरलं तर रोप वाळलं. धरणामुळे पूर थांबले की म्हातारी झाडं उभी दिसतात आणि खाली एक पोर नाही. कॅनडात ओल्डमन नदीवर १९९५ च्या पुरानंतर धरणाचं पाणी एकदम न तोडता हळूहळू कमी केलं तेव्हा कॉटनवूडची नवी रोपं उगवून तगली. ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठच्या रेड गम निलगिरीसाठी तर मुद्दाम पाणी सोडून जंगल भिजवतात.

गाळाचं म्हणाल तर पातळ थर आला तर खत, ढीग आला तर गळफास, कारण बुंध्याभोवती जाड चिकट गाळ बसला की वरच्या मुळांची हवा बंद. वाळुंज गाडलेल्या खोडातूनही नवी मुळं काढतं, बाकीच्यांना ते जमेलच असं नाही. आणि पूर तणांचं बी, तुटलेले कंद, कांड्या हे पण वाहून आणतो, त्यामुळे पुढच्या मोसमात काठावर भलतंच काहीतरी माजलेलं असतं.

काठावरचा:
मस्त, बरंच उलगडलं. मग जी पिवळी पडलीयत ती तोडायची का?

रानभुली:
घाई नको. फांदीची साल नखाने खरवडा, खाली ओलसर हिरवं असेल तर जीव आहे, अशी दोन-चार फांद्यांवर बघा. बुंध्याजवळचा गाळ हाताने किंवा खुरप्याने मूळ जमिनीच्या पातळीपर्यंत काढा, मुळं दुखवू नका. ओल्या मातीवर गाडी किंवा जनावरं नेऊ नका, दाबली की उरलीसुरली हवाही गेली. खत आत्ता अजिबात नको, मेलेल्या मुळांना त्याचा उपयोग नाही. पुढची पालवी फुटायची वेळ येऊन गेली तरी काहीच आलं नाही तर मग कुऱ्हाड. फक्त झाड कललेलं असेल आणि बुंध्याशी जमिनीला भेग पडली असेल तर वाट बघू नका, ते कधीही आडवं होतं.