यजमानांना 3-1 हरवूनही आइसलँडची पोरं घरी कशी गेली? (21 वर्षांखालील संघांची युरोपीय फुटबॉल स्पर्धा, म्हणजे युरो, 2011)

पेठेतला फुलबॅक
मंडळी, कोल्हापुरात आमच्या कट्ट्यावर परवा एका वादापायी चहा गार झाला. मित्र म्हणतो, 2016 च्या मोठ्यांच्या युरोत, फ्रान्समधल्या नीसला आइसलँडनं इंग्लंडला 2-1 हरवलं तो निव्वळ तुक्का. तेव्हा सव्वातीन लाखांचा देश म्हणे, आपल्या शहरापेक्षाही लहान. मी म्हटलं, बाबा, ही पोरं पाच वर्षं आधी 21 खालच्या संघात दिसली होती. गिल्फी सिगुर्डसन, आरोन गुनार्सन, बिर्किर ब्यार्नासन, कोल्बेन सिग्थोर्सन. यातल्या कोल्बेननंच इंग्लंडवर तो दुसरा गोल मारला.

तर गड्यानं मोबाइलवर 2011 चा तक्ता काढला. डेन्मार्कमधली स्पर्धा, आइसलँड गटातच बाद. शेवटच्या सामन्यात डेन्मार्कला त्यांच्याच घरात 3-1 ठोकलं, तरी बाहेर. बेलारूस पुढं गेला. गुण तर सारखेच! मला उत्तर सुचेना, चहाचे पैसे मीच दिले. हे कसं झालं ते कुणी सांगा. आणि एवढ्याशा बेटावर एकाच वेळी एवढी पोरं उगवली कुठून? मी रविवारी सकाळी गल्लीतली वीसेक पोरं खेळवतो, म्हणून जरा जास्तच खाज आहे.

आकडेमोड्या
चहाचे पैसे परत मागा. तो तक्ता भलताच गमतीचा आहे. स्वित्झर्लंड तिन्ही सामने जिंकून वर. खाली बेलारूस, आइसलँड, डेन्मार्क: तिघांचे 3 गुण, तिघांनी 3 गोल केले आणि तिघांनी 5 खाल्ले. अगदी तंतोतंत. मग नियमाप्रमाणे या तिघांचे आपसातले सामनेच धरायचे. बेलारूसनं आइसलँडला 2-0 हरवलेलं, डेन्मार्ककडून 1-2 हरलेले, म्हणजे एक गोल जमा. आइसलँडचे 0-2 आणि 3-1, म्हणजे शून्य. डेन्मार्क एकानं वजा.

आणखी एक गोल, म्हणजे 4-1 झालं असतं तर फरक बेलारूसइतकाच, पण मारलेले गोल जास्त, म्हणून आइसलँड उपांत्य फेरीत! त्यांचा तिसरा गोल भरपाई वेळेत आला, चौथ्याला वेळच उरला नाही. गंमत म्हणजे पात्रता फेरीत याच पोरांनी जर्मनीला 4-1 हाणलं होतं. तो चौथा गोल तिथं खर्च झाला म्हणायचा.

तुमच्या मित्राला हेही सांगा: ऑक्टोबर 2010 मध्ये या पोरांचे स्कॉटलंडशी प्ले-ऑफचे, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरायचे शेवटचे दोन सामने होते आणि त्याच आठवड्यात मोठ्या संघाचा पोर्तुगालशी. फुटबॉल संघटनेनं पोरं 21 खालच्या संघाकडेच ठेवली. मोठे हरले, पोरं दोन्ही वेळा 2-1 जिंकली. असा निर्णय घ्यायला छाती लागते.

कोपावोगुरची मावशी
हिशेब झाला, आता घरचं सांगते. मी मूळची सांगलीची, रेक्याविकला चिकटून असलेल्या कोपावोगुरमध्ये नऊ वर्षं आहे. लेक अकरा वर्षांची, ब्रेइदाब्लिक क्लबमध्ये खेळते. गिल्फी इंग्लंडला जायच्या आधी याच क्लबात होता, हे इथं तुम्हाला कुणीही न विचारता सांगतं.

इथं डिसेंबरात उजाडायला अकरा वाजून जातात आणि साडेतीनला पुन्हा अंधार. वारा असा की चेंडू मारला एकीकडे तर जातो दुसरीकडे. म्हणून 2000 पासून यांनी अख्खं मैदान मावेल अशी छपरं बांधायला घेतली. आमच्या इथलं छप्पर, फीफान, 2002 चं. विमानाच्या हँगरसारखं, खाली कृत्रिम गवत. आत ऊब वगैरे नाही हं, मी थर्मास घेऊन कुडकुडत बसते. त्या गवतातले रबराचे काळे बारीक दाणे पोरींच्या मोज्यांतून घरभर होतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, माझीच मोहरी सांडली. वॉशिंग मशीनची जाळी आजही दर शनिवारी त्यांनीच भरते.

पण छपरापेक्षा मला कौतुक प्रशिक्षकांचं. सहा वर्षांच्या पोरांनाही शिकलेला, परवानाधारक आणि पगारी माणूस. कुणाचा तरी मोकळा बाबा शिट्टी घेऊन उभा, असं नाही. आडनाव असं इथं बहुतेकांना नसतंच, बहुधा बापाच्या नावाला सन (मुलगा) किंवा दोत्तिर (मुलगी) लावतात, त्यामुळे सगळे एकमेकांना पहिल्या नावानंच हाक मारतात. पहिल्या दिवशी मी प्रशिक्षकाला "सर" म्हटलं, तर तो बिचारा मागं वळून बघायला लागला, कोण आलं म्हणून.

आकडेमोड्या
मावशी, एक पाचर मारतो. सगळं श्रेय छपराला देऊ नका. बिर्किर लहानपणीच नॉर्वेला गेला, तिथंच घडला. गिल्फी जन्मला 1989 ला, फीफान झालं तेव्हा बारा-तेरा वर्षांचा घोडा होता, आणि पुढं तीनेक वर्षांत इंग्लंडच्या रेडिंग क्लबात गेलासुद्धा.

कोपावोगुरची मावशी
बरोबर आहे. पण बारा ते पंधरा हीच तर वर्षं, जेव्हा थंडी-वाऱ्याला कंटाळून पोरं सोडून देतात. गिल्फीला ती तीन वर्षं बारा महिने चेंडू मिळाला. आणि तुम्ही सगळे नुसती मुलग्यांचीच नावं घेताय. इथल्या बायका 2009 लाच युरो खेळून आल्या होत्या, पुरुषांच्या सात वर्षं आधी.

पेठेतला फुलबॅक
मावशी, मान्य, कान धरले. आमच्याकडं थंडी नाही, पण जून ते सप्टेंबर मैदानात नुसता राडा, तेव्हा मीसुद्धा पोरांना सुट्टीच देतो. एका मंगल कार्यालयाचा हॉल सकाळी सातला रिकामा असतो, फरशी आहे. पाच-पाच जणांचं तिथं चालेल काय? मित्राला 3-5, 3-5, 3-5 चा फोटो पाठवलाय. अजून निळी खूण आली नाही.