‘ब्रेकअप’: बिनसलं, काडीमोड की मोकळी झाली?

प्रश्न :
रविवारी दुपारी मुलुंडला आईकडे टीव्हीवर ‘लव्ह आज कल’ लागला होता, इम्तियाज अलीचा, 2009चा. लंडनमधले जय आणि मीरा. तिला कामासाठी दिल्लीला जायचंय, तो तिकडेच राहणार. मग दोघं ठरवून वेगळी होतात आणि मित्रमंडळी बोलावून चक्क ब्रेकअपची पार्टी देतात. डाळिंब्या सोलता सोलता आईचा हात थांबला. “अगं, पण यांचं बिनसलं काय?” म्हटलं, काहीच नाही. “मग?”

या ‘मग?’वर मी अडले. बिनसलं म्हटलं की मागे काहीतरी घडलेलं असतं, रुसवा, संशय, पैसा. शिवाय बिनसतं ते आपोआप. ‘आम्ही बिनसवलं’ असं कुणी म्हणत नाही. फिसकटते ती बोलणी. मोडतं ते ठरलेलं लग्न, नाहीतर संसार. शांतपणे, दोघांनी मिळून करायच्या ब्रेकअपला आपल्याकडे शब्द आहे का?

प्रतिसाद :
काडीमोड बघा. चारचौघांसमोर गवताची काडी मोडायची, की नातं तुटलं. त्या पार्टीला हा शब्द मला फार जवळचा वाटतो, दोन्हीकडे साक्षीला माणसं लागतात. अडचण एवढीच की काडीमोड काय, सोडचिठ्ठी काय, आधी लग्न झालेलं लागतं. घटस्फोट तर मुळात नवराबायकोचा शब्दच नव्हे. पतिताला जातीबाहेर टाकताना पाण्याचा घडा फोडायचा विधी होता, त्याचं ते नाव. प्रेमातून बाहेर पडलेल्या दोन पोरांवर एवढं ओझं कशाला?

जाता जाता : आमच्या ऑफिसात ‘ब्रेकअप झाला’ आणि ‘झालं’ दोन्ही चालतं. मी ‘झालं’ म्हणतो, ‘लग्न झालं’सारखं.

प्रतिसाद :
तुमच्या आईंचा प्रश्न कायद्यालाही पडत होता. हिंदू विवाह कायदा 1955चा, पण परस्पर संमतीने घटस्फोटाचं 13ब कलम त्यात आलं 1976च्या दुरुस्तीने. तोवर बहुतेक अर्जांत समोरच्याचा दोष दाखवावा लागे. म्हणजे तेच, बिनसलं काय?

शब्दच हवा तर ‘फारकत’ घ्या. मूळ फारिगखत. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख. देणं फिटल्यावर लिहून द्यायच्या कागदालाही हाच शब्द होता. त्यात कुणावर ठपका नाही.

मूळ प्रश्नकर्ती :
मोकळा! पार्टीचा प्रसंग संपल्यावर आई अगदी हेच म्हणाली होती, “म्हणजे दोघं मोकळी झाली.” तेव्हा मी ऐकून सोडून दिलं. पण हा शब्द किती नेमका आहे बघा. लग्नाची अट नाही, दोष कुणाचा नाही, आणि आपण स्वतःहून मोकळं होऊ शकतो. बाळंतीण मोकळी होते, कर्जदार मोकळा होतो, तशीच ही दोघं. फारकत मला आवडला, पण आज तो ‘बोलण्यात आणि वागण्यात फारकत’ अशा वाक्यांतच जास्त भेटतो. कॉलेजातल्या मुलीच्या तोंडी तो बसणार नाही.

तरी एका जागी ‘मोकळी झाली’ही तोकडा पडतो. जयला सॅन फ्रान्सिस्कोत हवी ती नोकरी मिळते, मीरा दिल्लीत दुसऱ्याशी लग्न करते, आणि मनाने दोघांपैकी कुणीच सुटलेलं नसतं. ब्रेकअप या शब्दात ते नंतरचं दुखणंही मावतं. ‘मोकळं’मध्ये नाही मावत. म्हणून विधान करायचं असेल तर मी ब्रेकअपच म्हणेन, तो आता मराठीच झालाय.

पण विचारताना नाही. गेल्या महिन्यात मेलबर्नहून भाचीचा फोन आला, “मावशी, आमचं ब्रेकअप झालं.” मीही पटकन विचारून बसले, “काय बिनसलं गं?” ती गप्पच झाली. तिला काही सांगायचं होतं, आणि मी कारण मागितलं. या रविवारी तिला फोन करणार आहे. विचारेन, “मोकळं वाटतंय का गं जरा?”