चरित्रांच्या जोडीला संविधान सभाही वाचा

स्वातंत्र्याच्या काळातले नेते समजून घ्यायला काय वाचावं, या प्रश्नावर बहुतेकांनी नेहरू-पटेलांची चरित्रंच सुचवलीत. वाचावीतच, पण चरित्रकार आपल्या नायकाला सहसा हरू देत नाही. ही माणसं खरोखर भांडताना बघायची असतील तर संविधान सभेतल्या चर्चा वाचा. १७ ऑक्टोबर १९४९ ला आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले ह. वि. कामत अडून बसले, संविधानाच्या उद्देशिकेची (प्रस्तावनेची) सुरुवात ईश्वराच्या नावाने करा! देवावर मतदान करायची वेळ आणू नका, असं सभेच्याच सदस्य पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं. तरी मतदान झालंच. बाजूने ४१, विरोधात ६८.

या चर्चांचे सगळे खंड झेपत नसतील तर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेतला १३ वा खंड घ्या, तो संविधान घडवण्यातल्या त्यांच्या कामावरच आहे. मला दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर मिळाला. घरी नेईस्तोवर पिशवीचा बंद तुटला, एवढा जड.