नाताळचा आतला अर्थ काय? ख्रिस्ती मंडळींनी जरा समजावून सांगा

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, घरात वारीची परंपरा, आई-बाबा दोघं माळकरी. ऑफिसातला एक दोस्त कॅथलिक आहे, बेळगाव कॅम्पातला, त्याच्यामुळे गेल्या नाताळला रात्री चर्चला जायला मिळालं. तारे, क्रिब (येशूजन्माचा देखावा), केक, नेवऱ्या हे सगळं लहानपणापासून बघत आलोय, बेळगावच्या माणसाला त्यात नवीन काय नाही. पण त्या रात्री एक गोष्ट बघितली ती डोक्यातून जाईना. सगळे उभं राहून एकसुरात काहीतरी म्हणत होते आणि मधल्याच एका ओळीला अख्खं चर्च गुडघ्यावर आलं, म्हातारी माणसं पण, बाकाला धरून धरून. मग परत उठले आणि पुढचं म्हणायला लागले. दोस्ताला विचारलो तर म्हणाला नाताळला तसं करतात रे, त्याला पण नीट सांगता येईना.

तर प्रश्न असा की श्रद्धा असलेल्या माणसाला नाताळ म्हणजे नक्की काय? नुसती येशूची जयंती की अजून काय? आणि हे आपल्याकडच्या अवतारासारखंच आहे का? वाद घालायचा नाही, खरंच समजून घ्यायचंय. यंदा पण जाणार आहे, कळून गेलो तर बरं.

कॅम्पातली

दादा, तुम्ही नेमकं तेच बघितलंत ज्यात सगळं आलं. ती आमच्या श्रद्धेची कबुली, क्रीड म्हणतात, तिचा गाभा ३२५ साली निकियाच्या धर्मसभेत ठरला आणि आजही दर रविवारी म्हणतो. त्यात एक ओळ आहे की तो मरियेच्या उदरी देह धारण करून मनुष्य झाला. एरवी त्या ओळीला आम्ही नुसती मान लववतो. वर्षातून फक्त दोन दिवशी गुडघे टेकतो, एक २५ डिसेंबर आणि दुसरा २५ मार्च, म्हणजे देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला तो सण, मधे बरोबर नऊ महिने. नाताळ हा त्या एका ओळीचा सण आहे असं समजा, बाकी सगळं तिच्याभोवती.

जयंती म्हटलं की थोर माणूस जन्मला त्याची आठवण. आम्ही म्हणतो ते वेगळं आहे. आम्ही म्हणतो की ज्याने हे सगळं निर्माण केलं तोच बाळ होऊन आला, आणि खरोखरचं बाळ, आईच्या दुधावर जगणारं, थंडीने रडणारं, कुणीतरी उचलल्याशिवाय हलू न शकणारं. मला दर वर्षी इथेच थांबायला होतं. सर्वशक्तिमान देव स्वतःला माणसाच्या हातात देतो, आणि ते हात कुणाचे तर नाझरेथमधल्या एका साध्या घरच्या पोरीचे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आहे की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. म्हणजे देव किती मोठा हे दाखवायला तो आलाच नाही, किती खाली येऊ शकतो हे दाखवायला आला.

अवताराचं विचारलंत तर जवळचं वाटणं साहजिक आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसंसुद्धा बोलताना तो शब्द वापरतात. फरक एवढाच सांगते. आमच्या श्रद्धेत हे एकदाच झालं, परत परत होणार नाही. आणि त्याने माणसाचं रूप काही काळ पांघरलं असंही नाही, तो पूर्ण माणूस झाला, भूक लागणारा, थकणारा, मित्र वारल्यावर रडणारा, शेवटी मरणारा. ४५१ साली खाल्केदोनच्या धर्मसभेने हेच मांडलं की तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन्ही, काही कमी न होता. देव दुष्टांना मारायला आला नाही, त्यांच्या हातून मारला गेला.

आणि तयारीबद्दल पण सांगते, कारण तुम्ही वारकरी आहात, तुम्हाला पटकन कळेल. नाताळच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो, आणि पंढरपूरला पोचण्याइतकंच वाटेवर चालणंही मोलाचं तसं आम्हाला ते वाट बघणं मोलाचं. फादर जांभळा झगा घालतात, पश्चात्तापाचा रंग. कन्फेशनला, म्हणजे फादरकडे पापं कबूल करायला, रांगा लागतात. देवदूतांचं गौरवगान त्या रविवारी म्हणत नाहीत, ते थेट नाताळच्या रात्री परत सुरू होतं आणि तेव्हा घंटा वाजतात. आमच्या घरी पोरं क्रिबसाठी डब्यात नाचणी पेरतात, हिरवळ यायला, आणि कुणाचं काही चांगलं केलं की गव्हाणीत एक काडी ठेवायची असा नियम आहे, म्हणजे बाळाला मऊ अंथरूण होईल. गव्हाणी मध्यरात्रीपर्यंत रिकामी. ज्यांनी हा महिना मनापासून केला त्यांना ती रात्र कळते. एकदम २४ ला कपडे घालून आलं तर मग केक तेवढा उरतो, हे मी आमच्याच लोकांना सांगतेय.

गोकाककर

ताईंनी छान लिहिलं. मी मेथोडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, आमच्यात कॅथलिकांचा मिस्सा हा विधी नाही, उपासना असते, आणि प्रवचनावर जास्त भर. ताईंच्या 'त्यांच्या हातून मारला गेला' ह्या वाक्यालाच धरून बोलतो, कारण आमच्या घरात वडील दर नाताळला तेच सांगत आले, की गव्हाणी आणि क्रूस वेगळे काढू नका.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात देवदूत मरियेच्या नवऱ्याला, योसेफाला सांगतो की त्याचं नाव येशू ठेव, कारण तोच आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. जन्माच्या आधीच काम सांगून ठेवलंय. मागी, म्हणजे पूर्वेकडून बाळाला बघायला आलेले ज्ञानी लोक, त्यांनी आणलेल्या भेटी बघा, सोनं, ऊद आणि गंधरस. गंधरस हा मढ्याला लावायचा पदार्थ, येशूला पुरताना निकदेम नावाच्या माणसाने तोच आणला असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पाळण्यापाशी अशी वस्तू, कुठलीही आई दचकेल. (मागी तीन होते असं बायबलमध्ये कुठंच नाही बरं का, भेटी तीन म्हणून लोकांनी तीन धरले.) आणि पुढे काय, हे कुटुंब रातोरात मिसरला पळालं आणि हेरोद राजाने बेथलेहेममधली दोन वर्षांखालची पोरं मारली. कॅथलिक पंचांगात २६ डिसेंबर पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला, स्तेफन याचा दिवस आणि २८ त्या मारलेल्या लेकरांचा. सणाच्या गोडात हे मुद्दाम ठेवलंय.

मला वैयक्तिक विचाराल तर नाताळचा अर्थ इम्मानुएल, आमच्याबरोबर देव. आई गेली त्या वर्षी घरात तारा लावला नाही, फराळ केला नाही, आमच्याकडे दुखवट्याच्या वर्षात करत नाहीत, शेजारपाजारचे ताटं पाठवतात. मला वाटलेलं की यंदा नाताळ नाहीच. पण उपासनेला बसल्यावर कळलं की आनंद म्हणजे हसत राहणं नव्हे, ज्या दुःखात मी बसलोय त्यात तो आधीच येऊन बसलाय, ह्याची खात्री. त्या वर्षी जेवढी ती गोष्ट खरी वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती.

अजून एक, लूकने आपल्या शुभवर्तमानात जन्माच्या गोष्टीची सुरुवातच खानेसुमारीने केलीय. रोमचा बादशहा औगुस्त कैसर याचा हुकूम निघाला म्हणून योसेफाला गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला नाव नोंदवायला जावं लागलं. आपलं गाव कुठल्या कागदात लिहायचं हे दूरचा कुणीतरी ठरवतो, १९५६ पासून आपल्या सीमाभागाला हे काय वेगळं सांगायला नको. देव आला तो असल्या यादीतलं एक नाव होऊन.

वाघर_रायबाग

मी ख्रिस्ती नाही, आमी बिरोबाचे, धनगर. पण मिशनच्या हायस्कुलात शिकलो आणि नाताळच्या नाटकात मेंढपाळ कोण म्हटलं की मास्तर मलाच उभा करायचे, घोंगडं आणि काठी घरचीच. म्हणून लिहितोय.

तुमी सगळे देवाबद्दल लिहिलासा, मी मेंढक्याबद्दल लिहितो. दिवाळीनंतर आमची मेंढरं रानात बसतात, शेतकऱ्याला खत मिळतं आणि आमाला धान्य नाहीतर पैसे. वाघर (जाळीचं कुंपण) लावायची, कुत्री सोडायची आणि पाळीपाळीनं रातभर जागायचं, लांडगं येतंय, चोर येतोय. थंडीत कोकरू जन्मलं की घोंगड्यात घेऊन बसायचं. गावात सण असला तरी वाड्यावरचा माणूस रानातच, त्याला कुणी बोलवत नाही आणि त्याला जाता पण येत नाही. आता बघा, येशूच्या जन्माच्या त्या गोष्टीत बातमी पहिली कुणाला मिळाली? गावाला नाही, देवळातल्या पुजाऱ्याला नाही, राजाला नाही. रात्री राखणीला जागं होतं त्याला.

आणि देवदूतानं खूण काय दिली, तर बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ गव्हाणीत असंल. मी शाळेत असल्यापासून हेच धरून बसलोय. राजवाड्यात हाय म्हणून सांगितलं असतं तर मेंढरांचा वास मारणाऱ्या माणसाला दारातनं आत कोण सोडलं असतं? गव्हाणीपाशी जायला आमाला कुणाची परवानगी लागत नाही. देवाला खरंच आमाला भेटायचं होतं म्हणूनच तो तिथं निजला, असं मला वाटतंय. तुमच्या धर्मात हे बरोबर बसतंय का नाही ते ताई सांगतील.

कॅम्पातली

वाघर दादा, बसतंय म्हणजे काय, पूर्ण बसतंय. इतकी वर्षं क्रिबमध्ये मेंढपाळ मांडतेय, तो तिथे का आत येऊ शकला हे इतक्या सरळ मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि वैरण आणून गव्हाणी उभी केली ती यासाठीच, की गरिबाला डोळ्यांनी दिसावं की देव त्याच्याइतकाच गरीब होऊन आला.

सत्यशोध_चिकोडी

एक शंका. २५ डिसेंबर तर मूळ रोमन सूर्याचा सण होता म्हणतात. बायबलमध्ये तारीखच नाही. मग अर्थ कसला धरायचा?

गोकाककर

तारीख बायबलमध्ये नाही हे खरं, कुठलाही पाळक तुम्हाला सांगेल. रोममध्ये २५ डिसेंबरला नाताळ धरल्याची नोंद ३३६ सालची आहे. सूर्याच्या सणावरून घेतली असं काही अभ्यासक म्हणतात, २५ मार्चपासून नऊ महिने मोजून आली असं काही म्हणतात, वाद चालू आहे. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला पाळतं, रशियन ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला. काही ख्रिस्ती मंडळ्या नाताळ पाळतच नाहीत, शास्त्रात सांगितलं नाही म्हणून, आणि त्यांची येशूवरची श्रद्धा आमच्यापेक्षा कमी आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही दिवसाला नमस्कार करत नाही. तो आला हे महत्त्वाचं, आणि आल्यामुळे माझ्या शेजाऱ्याशी मी कसा वागतो ते. वर्षभर ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या भावाच्या दारात नाताळला गेलो नाही तर तारीख बरोबर असून काय उपयोग.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाघर दादाचं तर आईला वाचून दाखवलो, तिनं परत एकदा वाचायला लावलं. आता दोन साध्या गोष्टी सांगा. सगळे पुढं जाऊन प्रसाद घेतात तेव्हा मी काय करायचं? गेल्या वेळी तसाच बसून राहिलो, कुणाला वाईट वाटलं असेल काय? आणि यंदा आईला पण यायचंय, माळ आहे गळ्यात, चालेल ना?

कॅम्पातली

आईंना माळेसकट आणा, कुणी काही म्हणणार नाही. बसून राहिलात ते बरोबरच. तो आम्हाला नुसता प्रसाद नाही, ख्रिस्ताचं शरीर म्हणून घेतो, त्यामुळे बाप्तिस्मा आणि तयारी झालेल्या कॅथलिकांनाच देतात, यात तुमचा अपमान नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही हात छातीवर आडवे धरून रांगेतून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात, तुमच्या दोस्ताला त्यांच्या चर्चमध्ये तसं करतात का ते आधी विचारून ठेवा. वेळ पण विचारा, आता काही ठिकाणी मिस्सा मध्यरात्रीच्या बरीच आधी असते, आणि कोणत्या भाषेतली कधी तेही बघा, आईंना मराठीतली मिळाली तर उत्तम. अर्धा तास आधी या म्हणजे बाकावर जागा मिळेल आणि गाणी पण ऐकायला मिळतील. स्वेटर आणि कानटोपी विसरू नका, खुर्च्या बाहेर मांडलेल्या असतात आणि डिसेंबरात कॅम्पात रात्री भरपूर थंडी असते.